काठीची सावली आणि समुद्राची ऊब

आषाढात माउलींची पालखी नातेपुत्याला मुक्कामाला येते. वारकऱ्याचे डोळे पंढरीकडे लागलेले असतात आणि इथल्या शेतकऱ्याचे आभाळाकडे. समुद्र इथून दीडशे किलोमीटरांहून लांब. पण पाऊस यायचा तो तिकडूनच.

हा समुद्र सगळीकडे सारखा ऊन का नाही? गुरुजींनी शाळेच्या अंगणात एक काठी उभी रोवावी. मेच्या मध्याला भर दुपारी तिची सावली बुडाशीच गडप होते. डिसेंबरअखेर त्याच वेळी ती काठीच्या पाऊणपटीहून लांब पडते. सूर्य तोच, पण तिरपे ऊन जास्त जागेवर पसरते आणि पातळ होते. विषुववृत्तापाशी दुपारचे ऊन वर्षभर जवळजवळ उभे असते. ध्रुवांकडे ते सदा कललेले, हिवाळ्यात तर महिनेच्या महिने नाहीच. आणि जे पडते त्यातले पुष्कळसे पांढरे बर्फ माघारी धाडते. म्हणून विषुववृत्तावर समुद्राचे वरचे पाणी साधारण 27-28 अंश, तर ध्रुवांकडे शून्याच्याही खाली. मिठामुळे ते शून्यावर गोठत नाही इतकेच.

इथवर सोपे आहे. कोडे पडले ते 1751 साली. हेन्री एलिस नावाचा कप्तान गुलाम वाहून नेणाऱ्या जहाजावर होता. धंदा काळा, पण माणूस चौकस! अटलांटिकच्या उष्ण भागात त्याने झडपांची बादली हजारो फूट खोल सोडली. वर पाणी 29 अंश, खालून आले ते 12 अंशांचे! कप्तानाने त्यात आपले मद्य गार करून घेतले. पण वर असे ऊन तापत असता हे गार पाणी आले कोठून? शतक सरता सरता काउंट रम्फर्डने उलगडा केला. ध्रुवाकडचे पाणी गारठून जड होते, तळाला बसते आणि तळातळाने विषुववृत्ताकडे सरकते. वरून ऊन पाणी ध्रुवांकडे जाते. वाऱ्याने ढकललेले प्रवाहही हीच ने-आण करतात. ती नसती, तर दोन्हीकडचा फरक याहून कितीतरी मोठा असता.

मात्र विषुववृत्तावरही सगळीकडे सारखी ऊब नसते, बरं का. पॅसिफिक महासागरात वारे ऊन पाणी पश्चिमेला, इंडोनेशियाकडे लोटतात. पूर्वेला खालचे गार पाणी वर येते. काही वर्षांनी हे वारे मंदावतात, ऊन पाणी पूर्वेकडे पसरते, आणि अशा वर्षी आपला मोसमी पाऊस बहुधा रोडावतो. 1877 साली हेच झाले, आणि फार जोराने. दख्खनचा पाऊस त्याआधी 1876 मध्येच फसला होता. त्याचा दोष या पाण्याला देता येत नाही. पण सोलापूरकडची माणसे दुष्काळी कामांवर खडी फोडत असता दुसरेही वर्ष हातचे गेले, ते मात्र समुद्र तापलेला असताना.

1904 ते 1924 या काळात भारताच्या हवामान खात्याचे प्रमुख असलेल्या गिल्बर्ट वॉकर यांनी पॅसिफिक व हिंदी महासागरांवरील हवेच्या दाबाचा झोका ओळखला. त्याचा समुद्राच्या उबेशी असलेला सांधा याकोब बियर्कनेस यांनी 1969 मध्ये जुळवला. आता खाते उन्हाळ्यात पावसाचा अंदाज बांधते, तेव्हा पॅसिफिकचे पाणी किती तापले आहे हे आधी पाहून घेते.