पद्मिनीला रंग लावू नका

वळसंगला मामूंच्या घरामागे, कडब्याच्या गंजीशेजारी पत्र्याच्या शेडमध्ये 1975 ची एक प्रीमियर पद्मिनी उभी आहे. मामूंना जाऊन बरीच वर्षं झाली. दर ईदला सगळे जमले की तिचा विषय निघतोच. यंदा मामूंच्या नातवानं बेत मांडला: जुना रंग खरवडून काढायचा, लांबी भरायची, लाल-पांढरा दुरंगी रंग मारायचा, सीटा नव्या करायच्या आणि गाडी लग्नाच्या वरातीला भाड्यानं द्यायची. दुसऱ्यानं भंगाराचा भाव सांगितला. मी म्हटलं, आहे तशी राहू द्या. सगळे हसले. मास्तर लोकांना जुनं ते सोनंच वाटतं, असं कुणीतरी म्हणालं. त्या हसण्याला तिथं उत्तर सुचलं नाही, ते इथं लिहितो आहे.

आधी या गाडीचं आणि आमच्या जिल्ह्याचं नातं. वालचंद हिराचंद दोशी 1882 साली सोलापुरात जन्मले. घराणं जैन व्यापाऱ्यांचं. आगबोटी, विमानं, साखर अशा बऱ्याच उद्योगांत उतरलेल्या या माणसानं 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. कारखाना मुंबईत कुर्ल्याला. सुरुवातीला अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीच्या गाड्या तिथं जोडल्या जात. 1953 मध्ये वालचंद वारले. त्याच सुमारास सरकारनं धोरण बदललं: नुसती जोडणी चालणार नाही, सुटे भाग इथंच बनवा. फोर्ड आणि जनरल मोटर्स गाशा गुंडाळून गेल्या, प्रीमियर टिकली आणि इटलीच्या फियाटचा हात धरून 1100 बनवू लागली. त्यातल्या जुन्या, गोलमटोल गाडीला आपल्याकडं ‘डुक्कर फियाट’ म्हणत. एका मुसलमानाच्या दारात डुक्कर फियाट उभी, यावर त्या काळी किती विनोद झाले असतील ते विचारू नका.

मामूंची गाडी त्यानंतरची. फियाटशी करार संपल्यावर 1974 पासून तिला पद्मिनी हे नाव मिळालं. इंजिन 1089 सीसीचं, गिअर स्टिअरिंगच्या दांड्याला. या नावाचंही मला कौतुक आहे. चितोडच्या पद्मिनीची कथा आज सगळ्या देशाला ठाऊक आहे, ती मलिक मुहम्मद जायसी या सूफी कवीच्या ‘पद्मावत’मुळे. ते त्यानं 1540 च्या सुमारास अवधीत रचलं आणि त्याच्या कितीतरी हस्तलिखित प्रती फारसी लिपीत आहेत. सोलापूरच्या जैनानं काढलेला कारखाना, इटलीचा सांगाडा आणि नाव सूफी कवीनं घरोघरी पोहोचवलेल्या राणीचं. यातलं काहीच कुणी मुद्दाम जुळवून आणलं नव्हतं.

आता रंगाचा प्रश्न. गाडी नवीकोरी करणं आणि गाडी जपणं ही दोन वेगळी कामं आहेत. नवी केलेली गाडी केव्हाही करता येते, पैसे टाकले की झालं. कारखान्यातून निघाली तेव्हाचा रंग मात्र एकदाच लागतो. तो खरवडला की परत येत नाही. जुन्या गाड्यांच्या जागतिक महासंघानं याबद्दल एक सनद केली आहे, तिला तुरिन सनद म्हणतात. जुन्या इमारतींसाठी 1964 मध्ये झालेली व्हेनिस सनद तिच्यामागे आहे. सांगणं साधं आहे: आधी आहे ते राखा, मग लागेल तेवढीच डागडुजी, आणि केलेलं काम लपवू नका. तुरिन म्हणजे फियाटचंच गाव, तिच्या नावातला शेवटचा ‘ट’ तिथलाच.

आपला कायदाही हेच म्हणतो. 2021 च्या नियमानुसार पन्नास वर्षांहून जुन्या गाडीची व्हिंटेज म्हणून नोंद होते, पण सांगाडा, बॉडी आणि इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसला पाहिजे. आधीच नोंदलेल्या गाडीला जुना नंबरही ठेवता येतो. आमच्या गाडीचा नंबर एमएच 13 च्या आधीचा, तीन अक्षरांचा आहे. मात्र अशी नोंद झालेली गाडी धंद्याला लावता येत नाही. म्हणजे वरातीचा बेत तिथंच बारगळतो. नातवाला हे सांगितलं तेव्हा तो पहिल्यांदा गप्प बसला.

पण मला खरी काळजी नंबराची नाही. डॅशबोर्डवर मामूंनी ब्रशनं काढलेलं 786 आहे, आतला सहा जरा वाकडा. डाव्या मडगार्डला बैलगाडीची दांडी लागलेला पोचा आहे. मागची सीट मधोमध उसवली आहे, कारण गावातली अडलेली बाई रात्री-अपरात्री याच सीटवर आडवी होऊन सोलापूरला सिव्हिलमध्ये गेली. ग्लव्ह बॉक्समध्ये पेट्रोलची वही सापडली. मजकूर उर्दूत, आकडे मात्र मराठी. कुणाच्या सुनेला नेलं, कुणाच्या म्हाताऱ्याला आणलं, किती किलोमीटर झाले. त्यात लिंगायत आहेत, धनगर आहेत, महारवाड्यातले आहेत, आम्ही आहोत. पैशाचा रकाना बहुतेक ठिकाणी कोरा. वळसंगच्या मुसलमानांचा इतिहास कुणी लिहिलेला माझ्या पाहण्यात नाही. मी लिहायला बसलो तर माझ्याकडं ही वही आहे आणि ही सीट आहे. सीट नवी केली की वहीचा निम्मा पुरावा गेला.

जपायचं म्हणजे मखरात बसवायचं असंही नाही. ब्रेकच्या बाबतीत मी जुन्याचा हट्ट धरत नाही. ब्रेकचे रबर आणि पाइप नवेच हवेत. पेट्रोलमध्ये हल्ली वीस टक्के इथेनॉल असतं, जुनं रबर त्यानं खराब होतं, म्हणून पेट्रोलच्या नळ्याही बदलायच्या. सोलापूरची कोरडी हवा आमच्या बाजूची आहे. मुंबईच्या खाऱ्या हवेत पत्र्याची चाळण झाली असती. इथं गंज फक्त दारांच्या खालच्या कडेला आहे, तो तिथल्या तिथं थांबवायचा. रंगावर मेण चालेल, घासून चमकवणारी पॉलिश नको, कारण ती दरवेळी थोडा रंग घेऊन जाते. आणि उंदीर! आमच्या वायरिंगचा मोठा शत्रू कडब्यात राहतो.

मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर 2023 मध्ये हद्दपार झाली. पण कुर्ल्याच्या जुन्या सुट्या भागांच्या बाजारात तिचं सामान अजून मिळतं. गेल्या रविवारी मिस्त्री आला. त्यानं ब्रेकचे जुने पाइप काढले आणि फेकायला निघाला. मी ते बिस्किटाच्या डब्यात ठेवले, वर तारखेची चिठ्ठी चिकटवली. कडबा शेडच्या दुसऱ्या टोकाला हलवायचं मामींनी कबूल केलं आहे. रंगाचा विषय पुढच्या ईदपर्यंत तहकूब.