पापणीवरील अर्बुद : एका ‘दुर्मिळ’ रोगाचा इतिहास

रांजणवाडी झाली म्हणजे घरोघरीं तिच्यावर कांहीं तरी लेप लावितात आणि चार दिवसांत ती विसरली जाते. परंतु तिच्याचसारखी दिसणारी, न दुखणारी एक गांठ अशीहि असते कीं, तिची उपेक्षा प्राणांवर बेतते. त्या गांठीचा इतिहास आज थोडक्यांत सांगावयाचा आहे.

सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रांत ७६ नेत्ररोग सांगितले असून त्यांपैकीं २१ पापणीचे आहेत. त्यांत ‘लगण’ आणि ‘अर्बुद’ निरनिराळे गणिले आहेत. दोहोंची चिकित्साहि भिन्न : लगणाचें भेदन, म्हणजे चीर देणें, अर्बुदाचें छेदन, म्हणजे तें कापून काढणें. आजचा कर्करोग सुश्रुताला ठाऊक होता, असें एवढ्यावरून म्हणतां येणार नाहीं. तथापि पापणीवरील सर्व गांठी एकाच जातीच्या नव्हेत, हा विवेक त्यांत स्पष्ट दिसतो.

ह्या गांठींचें मूळ बहुधा ज्या ग्रंथींत असतें, त्यांचें वर्णन हाइनरिख मायबोम या जर्मन वैद्यानें १६६६ सालीं प्रसिद्ध केलें. वरच्या पापणींत अशा सुमारें २५ ते ४० ग्रंथी असतात, खालचींत थोड्या कमी. त्यांतून पाझरणाऱ्या तेलामुळें डोळ्यांतील ओलावा लवकर सुकत नाहीं. एखादीचें तोंड बुजलें कीं साधी गांठ होते. तिच्याच पेशी अनिर्बंध वाढूं लागल्या म्हणजे कर्करोग होतो.

पाश्चात्त्य ग्रंथांनीं हा रोग दुर्मिळ ठरविला, कारण तिकडे पापणीच्या कर्करोगांत त्याचा वांटा शेंकडा पांचांच्या आसपासच असतो. भारतांतील अनेक रुग्णालयांच्या नोंदींत मात्र तो एकतृतीयांश किंवा त्याहूनहि अधिक आढळला आहे. तेव्हां परक्या ग्रंथांतील ‘दुर्मिळ’ हा शब्द आपण जसाच्या तसा स्वीकारणें धोक्याचें आहे.

ठाण्याच्या खाडीपलीकडील कशेळीसारख्या गांवाला तज्ज्ञांची वाट हळूहळू जवळ आली. १८५३ सालीं ठाण्यापर्यंत आगगाडी धावली. त्याच मार्गावरील भायखळ्यास कावसजी जहांगीर यांच्या देणगीनें १८६६ सालीं नेत्ररुग्णालय उभें राहिलें. १९४१ सालीं परळास टाटा स्मारक रुग्णालय उघडलें. वाट सुकर झाली, तरी रोग ओळखण्यांतील विलंब अद्याप घातक ठरतो.

म्हणून गांठ त्याच जागीं पुनःपुन्हां उठत असेल, किंवा तेथील केस झडत असतील, तर कापलेला तुकडा सूक्ष्मदर्शकाखालीं तपासून घेण्याचा आग्रह धरावा. साधी गांठ कोणती आणि अर्बुद कोणतें, याचा निर्णय आज तेथेंच होतो.