फाएंझ्याचें मिनार्दी पथक व त्याचा गुणतक्ता

इटलींत बोलोन्याच्या आग्नेयीस फाएंझा म्हणून एक जुनें गांव आहे. तेथील झिलईदार मातीच्या भांड्यांची कीर्ति एवढी, कीं तशा भांड्यांस फ्रेंच भाषेंत गांवावरूनच ‘फायांस’ हें नांव पडलें. याच गांवीं जियानकार्लो मिनार्दी यांनीं उभारलेल्या मोटारशर्यतीच्या पथकाची हकीकत येथें देण्याचें योजिलें आहे. दफ्तरें चाळणाऱ्यांस विषय परका वाटेल. परंतु हिशेबाचा कागद कितपत खरें सांगतो, हा प्रश्न तर आपल्या नित्य परिचयाचा आहे.

प्रथम कालनिर्णय. पथकाची स्थापना सामान्यतः १९७९ ची धरतात. तथापि १९७६ सालींच मिनार्दी यांनीं ‘एव्हरेस्ट’ या नांवाखालीं फेरारीची एक जुनी गाडी मिळवून जियानकार्लो मार्तिनी या चालकाकरवीं इंग्लंडांत दोन शर्यतींत उतरविली होती. नांव बदललें म्हणून वंश बदलत नाहीं. मूळ येथेंच शोधावें, असें आमचें मत आहे. याच चालकाचा पुतण्या पिएरलुइजी १९८५ सालीं पथकाचा फॉर्म्युला वनमधील पहिला चालक झाला.

या सर्वोच्च वर्गांत २००५ अखेर पथक ३४० शर्यती धांवलें. पदरीं गुण पडले ३८. पहिल्या तिघांत नंबर एकदांहि नाहीं. द्रव्याची चणचण पांचवीस पुजलेली. चालकहि पुष्कळदां पैसा घेऊन येईल तो घ्यावा लागे. एवढ्यावरून पथकास हिणकस ठरविणाऱ्यांनीं तक्त्यांतील दोन नोंदी ताडून पाहाव्या.

पहिली, इंडियानापोलिस, १९ जून २००५. मिशलँ कंपनीचे टायर तेथील वळणावर टिकेनात, म्हणून चौदा गाड्या आरंभापूर्वींच माघारी वळल्या. उरल्या सहा. त्यांत मिनार्दीच्या दोन गाड्या पांचव्या व सहाव्या, म्हणजे शेवटच्या, आल्या. (चवथा आला तो आपल्याकडचा नरेन कार्तिकेयन, जॉर्डन पथकाचा.) गुण मिळाले ७, एका शर्यतींतील पथकाची सर्वांत मोठी कमाई हीच!

दुसरी, जर्मनींतील न्यूरबुर्गरिंग, २६ सप्टेंबर १९९९. पावसानें व अपघातांनीं बडे बडे गळाले आणि लुका बादोएर चवथ्या स्थानीं आला. या वर्गांत त्याला तोंवर एकहि गुण मिळाला नव्हता. तेरा फेऱ्या उरल्या असतां गिअरपेटी निकामी झाली. तो उतरला आणि गाडीशेजारींच रडत बसला. तक्त्यांत त्याच्या नांवापुढें शून्य आहे. त्याचा सहकारी मार्क जेने मात्र सहावा आला व १ गुण मिळाला. त्याच्या मागें सातवा आला तो फेरारीचा अर्व्हाइन; त्या सालचें जगज्जेतेपद त्यानें पुढें दोनच गुणांनीं गमावलें. तंबाखूवाल्यांच्या पैशावर उभ्या राहिलेल्या बीएआर या नव्या पथकास त्या अख्ख्या वर्षांत एकहि गुण मिळाला नाहीं.

सातापेक्षां हें शून्य मोठें आहे, असें आम्ही निःशंकपणें म्हणतों.

गुण न देणारी आणखी एक नोंद पोर्तुगालांतील एस्तोरिलची. तेथें १९८९ सालीं पिएरलुइजी एक फेरी सर्वांच्या पुढें होता. पथकाच्या सबंध आयुष्यांत अशी फेरी हीच. फिसिकेला, त्रुल्ली, अलोन्सो व वेबर यांनीं या वर्गांत पहिलें पाऊल मिनार्दीच्याच गाडींतून टाकलें, हेंहि तक्ता सांगत नाहीं.

२००५ अखेर पथक रेड बुलकडे गेलें व ‘तोरो रोस्सो’ झालें. बिऱ्हाड फाएंझ्यासच राहिलें. १४ सप्टेंबर २००८ रोजीं मोंझा येथें भर पावसांत सेबास्टियन फेटेलनें या पथकास पहिला विजय मिळवून दिला. एव्हरेस्टबाबत लाविलेला न्याय येथेंहि लाविल्यास तो याच वंशाच्या खातीं मांडावा लागेल. मालक बदलला हा आक्षेप आम्हांस मान्य आहे. पण कारखान्याचें गांव तेंच होतें.