शिक्षकी पेशा : बारावीनंतरच्या वाटा

पाच सप्टेंबरला राज्यातील अनेक शाळांत स्वयंशासन दिन साजरा होतो. नववी-दहावीचे विद्यार्थी एक दिवसाचे शिक्षक होऊन खालच्या वर्गांवर तास घेतात. त्यांतील काहींना शिकविण्याची गोडी लागते. मात्र बारावीनंतर अभियांत्रिकी, वैद्यकीय या शाखांचीच चर्चा होते आणि ही गोडी तिथेच विरून जाते. अशा विद्यार्थ्यांना वेळीच नेमकी माहिती मिळणे आवश्यक आहे.

कोणत्या वर्गांना शिकवायचे, हे प्रथम ठरवावे. पहिली ते पाचवीसाठी बारावीनंतरची दोन वर्षांची डी.एल.एड. (पूर्वीची डी.एड.) ही पदविका आहे. या वर्गांसाठी बी.एड. पात्रता ग्राह्य नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२३ रोजी दिला. त्यामुळे या पदविकेचे महत्त्व वाढले. माध्यमिक वर्गांसाठी पदवी व त्यानंतर दोन वर्षांचे बी.एड. हा रूढ मार्ग आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार बारावीनंतर चार वर्षांचा एकात्मिक अभ्यासक्रमही २०२३-२४ पासून सुरू झाला. त्यात पदवी आणि बी.एड. एकत्र होत असल्याने एक वर्ष वाचते. त्याच्या प्रवेशासाठी राष्ट्रीय पातळीवर सामायिक परीक्षा घेतली जाते.

पदविका वा पदवी मिळाली म्हणजे नोकरी मिळाली, असे नव्हे. पहिली ते आठवीच्या वर्गांसाठी शिक्षक पात्रता परीक्षा (टीईटी) उत्तीर्ण होणे बंधनकारक आहे. राज्यात ती २०१३ मध्ये प्रथम झाली. १५० गुणांच्या या परीक्षेत खुल्या प्रवर्गाला किमान ६० टक्के गुण लागतात. जिल्हा परिषदेच्या व अनुदानित शाळांतील भरतीसाठी अभियोग्यता चाचणीही द्यावी लागते. त्यानंतर ‘पवित्र’ पोर्टलद्वारे निवड होते.

निवडीनंतरही पहिली तीन वर्षे शिक्षणसेवक म्हणून मानधनावर काम करावे लागते. जानेवारी २०२३ पासून हे मानधन प्राथमिकसाठी १६ हजार, माध्यमिकसाठी १८ हजार आणि उच्च माध्यमिकसाठी २० हजार रुपये करण्यात आले. भरती वेळेवर होईलच याची शाश्वती नसते. २०१२ नंतर ती अनेक वर्षे रखडली आणि पदविकाधारकांना दीर्घकाळ प्रतीक्षा करावी लागली. पालकांची चिंता त्यामुळे अनाठायी म्हणता येत नाही. मार्गदर्शन करताना ही बाजूही विद्यार्थ्यांपुढे मांडली पाहिजे.

तरीही या पेशात कर्तृत्वाला मर्यादा नाही. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतील रणजितसिंह डिसले यांना २०२० मध्ये दहा लाख डॉलरचा ‘ग्लोबल टीचर’ पुरस्कार मिळाला. त्यातील निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील अन्य नऊ शिक्षकांना वाटून दिली.

शाळांनीही स्वयंशासन दिनाचा उपक्रम एका दिवसापुरता ठेवू नये. शिकविण्याची आवड दिसलेल्या विद्यार्थ्यांना वर्षभर खालच्या वर्गांतील मुलांचा अभ्यास घेण्याची संधी द्यावी. आपला कल खरा की क्षणिक, हे बारावीपूर्वीच उमगले तर पुढील निर्णय डोळसपणे घेता येईल.