अपत्याचा निर्णय कोणाचा? बैगा आदेशापासून गर्भपात कायद्यापर्यंत

जबलपूर : गर्भधारणेचे २४ आठवडे उलटल्यानंतर गर्भपाताची परवानगी मागणाऱ्या याचिका मध्य प्रदेश उच्च न्यायालयाच्या येथील मुख्य पीठासमोर येत असतात. अत्याचारपीडित अल्पवयीन मुलींच्या याचिकाही त्यांत असतात. वैद्यकीय मंडळाचा अहवाल येतो, निकाल दिला जातो. मात्र हे अपत्य व्हावे की नाही हे ठरवायचे कोणी, हा मूळ प्रश्न प्रत्येक प्रकरणात नव्याने उभा राहतो. जबलपूरनजीकच्या मंडला आणि दिंडोरी जिल्ह्यांत राहणाऱ्या बैगा आदिवासींच्या बाबतीत शासनाने त्याचे उत्तर १९७९ मध्येच परस्पर देऊन टाकले होते.

तत्कालीन अविभाजित मध्य प्रदेश सरकारने त्या वर्षी डिसेंबरमध्ये काढलेल्या आदेशानुसार बैगा, पहाडी कोरवा, बिरहोर आदी ‘आदिम’ गणल्या गेलेल्या जमातींच्या नसबंदीवर निर्बंध आले. या जमातींची लोकसंख्या घटू नये, हा हेतू. आणीबाणीतील सक्तीच्या नसबंदीच्या आठवणी तेव्हा ताज्या होत्या, त्यामुळे आदेशामागील काळजी अनाठायी म्हणता येत नाही. परंतु संरक्षण जमातीला मिळाले आणि किंमत त्या जमातीतील स्त्रियांनी मोजली. वारंवारच्या बाळंतपणांनी खंगलेल्या, रक्तक्षयाने ग्रासलेल्या स्त्रीने शस्त्रक्रिया मागितली, तरी सरकारी आरोग्य केंद्रातून तिला परत पाठवले जाई. जात लपवून शस्त्रक्रिया करून घेण्याचे प्रकारही घडत.

राज्याच्या विभाजनानंतर हा आदेश छत्तीसगडकडेही वारशाने गेला. तेथील बिलासपूर जिल्ह्यात नोव्हेंबर २०१४ मध्ये नसबंदी शिबिरांनंतर १३ महिलांचा मृत्यू झाला. त्यांपैकी एका शिबिरात काही तासांत ८३ शस्त्रक्रिया उरकण्यात आल्या होत्या. मृतांमध्ये बैगा समाजातील महिलेचाही समावेश होता. ज्या समाजाला नसबंदीची मनाई, त्याच समाजातील स्त्री नसबंदीच्या शिबिरात दगावली! पुढे २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने देविका बिस्वास प्रकरणात अशी शिबिरे तीन वर्षांत बंद करण्याचे निर्देश दिले. बैगा स्त्री-पुरुषांनी आदेशालाच आव्हान दिल्यावर छत्तीसगड उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये तो रद्द ठरवला.

कोणाची संतती वाढावी आणि कोणाची रोखावी, हे बाहेरून ठरवण्याची वृत्ती सुप्रजननशास्त्राच्या नावाने विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात जगभर प्रतिष्ठा पावली होती. जर्मनीत १९३३ च्या कायद्याने लाखो लोकांवर सक्तीची नसबंदी लादली गेली. मराठी सुशिक्षितांनाही या विचाराचे आकर्षण होते. कादंबरीकार ना. सी. फडके यांनी १९२७ मध्ये इंग्रजी ग्रंथ लिहून भारतात सुप्रजननाच्या चळवळीचा पुरस्कार केला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मात्र १९३६ च्या ‘जातिसंस्थेचे निर्मूलन’ या भाषणात जातिव्यवस्थेचे सुप्रजननाच्या आधारे होणारे समर्थन खोडून काढले. जातींनी उत्तम प्रजा निपजली असती, तर या देशातील माणसे शरीराने इतकी खुजी आणि दुर्बळ का, असा त्यांचा रोकडा युक्तिवाद होता. संततिनियमनाला त्यांचा विरोध नव्हता. १९३८ मध्ये मुंबई विधिमंडळात त्यांच्या पक्षाने त्याच्या प्रसारासाठी प्रस्ताव मांडला होता, तो फेटाळला गेला.

स्वातंत्र्यानंतरही ही वृत्ती संपली नाही. फेब्रुवारी १९९४ मध्ये पुणे जिल्ह्यातील शिरूर येथील शासकीय वसतिगृहातील बौद्धिक दिव्यांग महिलांची गर्भाशये पुण्याच्या ससून रुग्णालयात काढण्यात आली. मासिक पाळीतील अस्वच्छता आणि अत्याचारातून गर्भधारणेची भीती, ही कारणे पुढे करण्यात आली. अत्याचार रोखण्याऐवजी गर्भाशय काढणे सोपे वाटले, अशी टीका झाली आणि विरोधानंतर उर्वरित शस्त्रक्रिया थांबल्या.

चंडीगडमधील शासकीय निवासगृहात अत्याचारातून गर्भवती राहिलेल्या बौद्धिक दिव्यांग तरुणीला मूल हवे होते. पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाने तिच्या गर्भपाताचा आदेश दिला. सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये सुचिता श्रीवास्तव प्रकरणात तो रद्द केला. गर्भ ठेवणे वा न ठेवणे हा निर्णय घटनेच्या अनुच्छेद २१ मधील व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग असल्याचे सांगताना न्यायालयाने सुप्रजननाच्या नावाखाली पूर्वी झालेल्या सक्तीच्या नसबंदी व गर्भपातांचा स्पष्ट उल्लेख केला आणि तो विचार लोकशाहीविरोधी ठरवला.

आजचा वाद अधिक गुंतागुंतीचा आहे. २०२१ च्या दुरुस्तीने विशिष्ट गटांतील स्त्रियांसाठी गर्भपाताची मर्यादा २४ आठवड्यांवर नेली, तर गर्भात ‘लक्षणीय व्यंग’ असल्यास वैद्यकीय मंडळाच्या निदानावर ही मर्यादाच काढली. दिव्यांग हक्क कार्यकर्त्यांचा आक्षेप या स्वतंत्र वर्गवारीला आहे. कायदाच व्यंगाला वेगळे काढत असेल, तर जन्मलेल्या दिव्यांगांकडे समाज कोणत्या नजरेने पाहील, असे ते विचारतात. स्त्री संघटनांना मर्यादा आवळली जाण्याची धास्ती वाटते. स्त्रीची इच्छा हाच निकष ठेवावा आणि व्यंगाचा वेगळा उल्लेख नको, अशी मांडणी दोन्ही बाजूंचे काही जण करतात. लिंगनिदानाला १९९४ च्या कायद्याने बंदी आहे; व्यंगनिदानाला नाही.

दिव्यांग स्त्रीच्या स्पष्ट संमतीविना गर्भपात करणे दिव्यांग हक्क कायदा, २०१६ च्या कलम ९२ नुसार सहा महिने ते पाच वर्षे कारावासाचा गुन्हा आहे. याच कलमाने तीव्र दिव्यांगत्वाच्या प्रकरणांत मात्र डॉक्टरांचे मत आणि पालकाची संमती पुरेशी मानली आहे.