बाबला आणि कांचन : समुद्रापारच्या गाण्याची परतफेड

इतिहास म्हटला म्हणजे राजांच्या वंशावळी, लढायांची वर्णने आणि तहांची कलमे आपल्या डोळ्यांपुढे उभी राहतात. गाण्याचा इतिहास सांगावयाचा झाला तरी तो घराण्यांचा आणि गवयांचा असावा, अशी आपली अपेक्षा असते. तेव्हा विजेच्या वाद्यांवर नाचाची गाणी वाजविणाऱ्या एका जोडप्याची हकीकत वसंत व्याख्यानमालेत कशासाठी, असा प्रश्न नामपूरच्या चोखंदळ श्रोत्यांच्या मनात आल्यास आम्हास नवल वाटणार नाही. परंतु ज्या गाण्यावर हजारो माणसे पिढ्यान् पिढ्या पाय थिरकवितात, ते गाणे कोठून आले, कोणाकडून आले आणि कोणाच्या नावावर राहिले, हे प्रश्नही इतिहासाचेच आहेत. त्यांचे उत्तर शोधताना आपणांस कच्छ, गिरगाव, बिहार आणि त्रिनिदाद एवढा प्रवास करावा लागणार आहे.

आरंभ गिरगावातील एका किराणा दुकानापासून करू. कच्छमधून मुंबईस आलेल्या वीरजी शहा यांचे हे दुकान. उधारी फेडू न शकणाऱ्या एका गिऱ्हाईकाने पैशांऐवजी शहांच्या मुलांना संगीत शिकविले, अशी हकीकत प्रसिद्ध आहे. त्या मुलांतील थोरले कल्याणजी (जन्म १९२८) आणि त्यांच्या पाठचे आनंदजी (जन्म १९३३) पुढे हिंदी चित्रपटसृष्टीतील नामवंत संगीतकार झाले. त्यांचेच धाकटे भाऊ लक्ष्मीचंद, म्हणजेच आपले बाबला. किराण्याची थकलेली उधारी सुरांच्या रूपाने फिटली आणि तिच्यावरचे व्याज सगळ्या देशाने खाल्ले, असे म्हणावयास हरकत नाही.

विजेच्या वाद्याशी या घराण्याचा संबंध फार जुना. १९५४ साली 'नागिन' हा चित्रपट आला. त्याचे संगीत हेमंतकुमारांचे होते. त्यातील पुंगीने श्रोत्यांना वेड लावले. पण ती पुंगी खरी नव्हतीच. कल्याणजींनी ती 'क्लॅव्हिओलिन' नावाच्या वाद्यावर वाजविली होती. कॉन्स्टन्ट मार्टिन या फ्रेंच माणसाने १९४७ च्या सुमारास तयार केलेले हे छोटे पट्टीचे वाद्य. त्यात हवेचा भाता नाही की तार नाही. विजेच्या कंपनांपासून नाद निर्माण होतो आणि कर्ण्यातून बाहेर पडतो. गारुड्याची पुंगी यंत्रातून निघाली, तरी ऐकणाऱ्याला ती गारुड्याचीच वाटली. यंत्र परके आणि सूर घरचा, ही या कुटुंबाची रीत तेव्हापासूनची दिसते.

बाबलांचा ओढा तालाकडे. भावांच्या ध्वनिमुद्रणांत ते तालवाद्यांची बाजू सांभाळीत आणि स्वतःचा वाद्यवृंदही चालवीत. या वाद्यवृंदाच्या प्रमुख गायिका म्हणजे कांचन. माहेरच्या त्या कांचन दिनकरराव माळी; या नावाची ठेवण आपल्या कानाला परकी नाही. 'धर्मात्मा' (१९७५) मध्ये त्या मुकेश यांच्याबरोबर गायिल्या, 'कुर्बानी' (१९८०) मध्ये अमितकुमार यांच्याबरोबर. 'कुर्बानी'तील त्यांचे 'लैला' हे गाणे इतके रुजले की, २०१७ च्या 'रईस' चित्रपटात ते नव्या आवाजात पुन्हा आले. बाबला आणि कांचन यांचा पुढे विवाह झाला आणि त्या दोघांची नावे तबकड्यांवर जोडीने झळकू लागली.

तो काळही ध्यानात घेतला पाहिजे. १९७७ साली जॉर्जो मोरोडर यांनी डॉना समर या गायिकेसाठी जवळजवळ संपूर्णपणे सिंथेसायझरवर बांधलेले गाणे केले आणि पाश्चात्त्य नाचघरांचा नादच पालटला. ती लाट लवकरच मुंबईस पोचली. १९८२ मध्ये चरणजित सिंग या मुंबईच्या वादकाने दहा राग सिंथेसायझर व तालयंत्रे यांवर बसवून ध्वनिमुद्रित केले. त्या तबकडीकडे त्या वेळी फारसे कोणी पाहिले नाही. २०१० मध्ये ती पुन्हा निघाली, तेव्हा परदेशांतील जाणत्यांनी तोंडात बोटे घातली. बाबलांनी मात्र लोकांच्या पायांखालचा रस्ता धरला. त्यांनी 'डिस्को दांडिया' काढला. ठेका दांडियाचा, चाली चित्रपटांतल्या आणि लोकगीतांतल्या, वाद्ये विजेची. आणि गाणी मध्ये न थांबता एकात एक गुंफलेली, म्हणजे खेळणाऱ्याची टिपरी खाली येऊ नये. त्याच दशकात कॅसेट स्वस्त झाली. ज्या मंडळाला वाद्यवृंद परवडत नव्हता, त्याला एक कॅसेट आणि एक कर्णा यांवर नवरात्र साजरे करता येऊ लागले. सप्तशृंगीच्या गडाकडे पायी निघणारे आपल्या भागातील भाविक आणि रात्री चौकात टिपऱ्या घेऊन जमणारी मुले यांचे नवरात्र एकच. परंतु दुसऱ्या नवरात्राचा आजचा आवाज घडविण्यात बाबलांचा वाटा मोठा आहे.

आता समुद्र ओलांडू. ३० मे १८४५ रोजी 'फतेल रझाक' नावाचे जहाज हिंदी मजुरांना घेऊन त्रिनिदादच्या किनाऱ्यास लागले. गुलामगिरी बंद झाल्यावर उसाच्या मळ्यांना माणसे हवी होती, म्हणून कराराने बांधलेले मजूर नेण्याची ही प्रथा पडली. तिला 'गिरमिट' म्हणत. १९१७ पर्यंत एकट्या त्रिनिदादमध्ये सुमारे १ लाख ४० हजार माणसे गेली; ब्रिटिश गयानात त्याहूनही अधिक. त्यांतील बहुतेक भोजपुरी व अवधी बोलणारी. बरोबर नेण्यासारखे त्यांच्यापाशी फारसे नव्हते. गाणी मात्र होती. लग्नाच्या आधी 'माटीकोड'च्या रात्री बायका एकत्र जमून ढोलकाच्या आणि 'दंडताल' नावाच्या लोखंडी कांबीच्या साथीवर चावट, खट्याळ गाणी म्हणत आणि नाचत. आपल्याकडे हळदीच्या रात्री जे चालते, त्याचीच ही समुद्रापारची बहीण. या गाण्यांना पुढे 'चटणी' असे समर्पक नाव मिळाले.

अशाच एका माटीकोडच्या प्रसंगी १९६९ साली सुंदर पोपो या तरुणाची मोईन मोहमद या नभोवाणी-निवेदकाशी गाठ पडली. 'नाना अँड नानी' हे त्याचे गाणे ध्वनिमुद्रित झाले. अर्धी तिथली मोडकी हिंदुस्थानी आणि अर्धी इंग्रजी अशा भाषेतले हे गाणे आजोबा-आजीच्या संसाराचे होते. तेथील हिंदी लोकांनी तोवर तबकडीवर ऐकले ते बहुतांशी मुंबईचे चित्रपटसंगीत. ती भाषा शुद्ध, ते आवाज कसलेले. त्यापुढे आपली बोली म्हणजे मळ्यातली, चार माणसांत लाज आणणारी, असे त्यांना वाटे. पोपो यांनी ती बोली तबकडीवर आणली. पण बोलीला मान मिळावयाचा तर थोरल्या घराने तिची दखल घ्यावी लागते, ही जगाची रीत आहे. ती दखल बाबला आणि कांचन यांनी घेतली.

ऐंशीच्या दशकात त्यांनी सुंदर पोपो यांची गाणी आपल्या पद्धतीने गाऊन तबकड्यांवर आणली. 'कैसे बनी' हे त्यांतील सर्वांत गाजलेले. ढोलकाच्या जोडीला विजेची गिटार, सिंथेसायझर आणि पाश्चात्त्य तालवाद्ये आली, गती वाढली, वर कांचन यांचा खणखणीत आवाज. त्रिनिदाद, गयाना, सुरिनाम येथे त्यांचे कार्यक्रम झाले आणि लोकांनी त्यांना आपले मानले. आजवर मुंबईचे गाणे त्यांनी गायिले होते. आता मुंबई त्यांचे गाणे गात होती. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी ज्यांना घरच्यांनी जहाजावर चढताना पाहिले आणि पुढे विसरून टाकले, त्यांच्या पणतवंडांना या गोष्टीचे काय वाटले असेल, याची कल्पना श्रोत्यांनी स्वतःच करावी.

या देवघेवीचा आणखी एक पदर आहे. सत्तरीच्या आरंभी त्रिनिदादमधील लॉर्ड शॉर्टी या आफ्रिकी वंशाच्या गायकाने तेथील कॅलिप्सो गायनात ढोलक आणि दंडताल यांचे ठेके मिसळून 'सोका' नावाचा नवा प्रकार रूढ केला. १९८२ च्या सुमारास मॉन्टसेराट बेटावरील ॲरो या गायकाने त्याच प्रकारात 'हॉट हॉट हॉट' हे गाणे केले व ते जगभर गाजले. बाबला आणि कांचन यांनी त्याची चाल उचलली आणि हिंदीत 'कुछ गडबड है' म्हणून गायिली. वरवर पाहता ही परदेशी चालीची उचल दिसते. परंतु सोकाच्या पोटात हिंदी मजुरांचा ढोलक अगोदरच वाजत होता. तो आफ्रिकी घरात राहून, अंगावर नवे बाळसे घेऊन, मुंबईस परत आला. १९८७ साली द्रौपती रामगुनाई या त्रिनिदादच्या गायिकेने 'चटणी सोका' असे नावच गाण्याला दिले, आणि हा संबंध सर्वांच्या नजरेस आला.

येथे गुणगान थांबवून एक कटू गोष्टही सांगितली पाहिजे. आपल्याकडे 'कैसे बनी' ज्यांनी ऐकले, त्यांतील कितीजणांना सुंदर पोपो हे नाव ठाऊक आहे? थोरले घर धाकट्याचे गाणे गाते तेव्हा धाकट्याचा मान वाढतो हे खरे. पण त्याच वेळी त्याचे नाव थोरल्याच्या सावलीत झाकले जाण्याचा धोकाही असतो. त्रिनिदादने आपल्या पोपोला विसरू दिले नाही; २००० साली तो वारला तेव्हा चटणी संगीताचा जनक म्हणूनच त्याला निरोप मिळाला. कांचन २००४ मध्ये निवर्तल्या. त्यांच्या वाट्याला आपल्या देशात काय आले? कल्याणजी-आनंदजींचे नाव घराघरांत राहिले. मात्र समुद्रापलीकडे ज्यांना लोकांनी डोक्यावर घेतले, त्या माळ्यांच्या लेकीची ओळख महाराष्ट्राला सांगावी लागते.

बागलाणात बसून ही हकीकत ऐकण्याचे प्रयोजन यातच आहे, असे आम्हास वाटते. आपली अहिराणी हीदेखील 'चार माणसांत लाज आणणारी' म्हणून हिणविली गेलेली बोली. जवळच्याच जळगावकडील बहिणाबाईंना लिहिता येत नव्हते. त्यांची गाणी घरच्यांनी टिपून ठेवली आणि आचार्य अत्रे यांच्यासारख्यांनी उचलून धरली, म्हणून १९५२ साली ती महाराष्ट्रासमोर आली. तोवर बहिणाबाई हयात नव्हत्या. कानबाईची गाणी, हळदीची गाणी म्हणणाऱ्या किती बाया अशा कोणी न टिपताच गेल्या असतील! आज वरातीत विजेच्या वाद्यांवर अहिराणी गाणी दणाणतात, पोरे बेभान नाचतात, आणि वडीलधारी मंडळी कानांवर हात ठेवतात. आवाजाची तक्रार रास्त आहे. तिच्याशी आमचा वाद नाही. पण त्या आवाजाखाली जी चाल आहे ती पुष्कळदा आपल्याच आजीच्या ओठांवरची असते, हे ओळखल्यावाचून तिला हलकी ठरवू नये.

म्हणून एक साधे काम सुचवून आम्ही हे विवेचन पुरे करतो. आपापल्या घरातील, गल्लीतील म्हाताऱ्या बायांना जी गाणी येतात, ती आज प्रत्येकाच्या खिशात असलेल्या यंत्रावर मुद्रित करून ठेवावीत; आणि प्रत्येक गाण्याबरोबर गाणारणीचे नाव, गाव आणि ते गाणे तिने कोणाकडून घेतले हे तिच्याच तोंडून वदवून घ्यावे. उद्या एखादा बाबला त्या गाण्याला नवी वाद्ये देईल, एखादी कांचन ते सातासमुद्रापार नेईल. त्यांनी ते खुशाल न्यावे. मात्र ते गाणे कोणाचे, असा प्रश्न निघेल तेव्हा त्याचे उत्तर मोसमच्या काठी तयार असले पाहिजे.