तंतूचा पीळ

गोंदियाजवळच्या नागऱ्यात लोक येतात ते पुरातन शिवमंदिर पाहायला. माझे या भागातले फिरणे मात्र बहुधा राईस मिलच्या धुळीमागे. धान भरडू लागले की हमाल खांद्यावरचा दुपट्टा नाकातोंडाला बांधतो. कापड म्हणजे चाळणी, वीण दाट तर धूळ कमी, असा त्याचा हिशोब. तो चूक नाही, अपुरा आहे.

१८५४ साली जर्मनीत श्रोडर आणि फॉन डुश यांनी उकळलेल्या मांसरसावर कापसातून गाळलेली हवा सोडली. रस नासला नाही. १८७१च्या सुमारास टिंडलने आगीच्या बंबवाल्यांसाठी केलेल्या मुखवट्यातही कापूसच होता. हे विणलेले कापड नव्हे, मोकळा कापूस! त्यातल्या फटी कणांपेक्षा कितीतरी मोठ्या. मग कण अडकले कसे?

हवा तंतूला वळसा घालून जाते. जड कणाला ते वळण जमत नाही, तो तंतूवर आदळतो. अगदी बारीक कण हवेच्या रेणूंचे धक्के खात भरकटतो आणि तंतूला चिकटतो. मधले, ०.३ मायक्रॉनच्या आसपासचे, सर्वांत जास्त निसटतात. काउफमानने १९३६ मध्ये आणि लँगम्यूरने १९४२ मध्ये याचे गणित मांडले, पण गणितातला तंतू गोल, गुळगुळीत होता. कापसाचा तंतू चपट्या फितीसारखा, पीळ पडलेला असतो. त्याची टोके सुताबाहेर लव होऊन उभी राहतात. साधे पॉलिस्टर गोल छिद्रातून ओढलेले, काचेच्या कांडीसारखे. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेने २०२० मध्ये ३२ कापडे तपासली, तेव्हा लव असलेली सुती कापडे वरच्या क्रमांकात आली. पुढच्याच वर्षी दिसले की श्वासाच्या ओलाव्यात सुती कापड सरासरी ३३ टक्के अधिक कण अडवते. पॉलिस्टरला हा लाभ नाही. आणि आपल्या बाजारात स्वस्त म्हणून मिळतो तो पॉलिस्टरचाच दुपट्टा.

"मंग भाऊ, कोनता बांधाचा?" एका हमालाने विचारले. जुना सुती, दुहेरी घडीचा, मी म्हणालो. मात्र उकड्या तांदळाच्या भट्टीत तूस जळते, तिची राख बहुतांशी सिलिका. तिच्या बारीक कणांपुढे पीळ फारसा पुरत नाही. कापसाचा तंतू पंधराएक मायक्रॉन जाड. चांगल्या मास्कचे तंतू काही मायक्रॉनचेच, वर विद्युतभारित. राख उपसताना दुपट्टा नको, मालकाकडून मास्क माग, असे त्याला सांगितले. तो हसला आणि दुपट्टा झटकून पुन्हा बांधू लागला.